मदत हवी आहे: कमी खर्चात क्रॉस प्रोसेसिंग, सुरुवात कशी करावी?

डिचोलीकर:

नमस्कार मंडळी,

स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट खऱ्या रंगांत चित्र येतं ती) मुद्दाम निगेटिव्हच्या केमिकलमध्ये धुवायची, म्हणजे ई-६ ची फिल्म सी-४१ मध्ये, हे क्रॉस प्रोसेसिंग मला करून पाहायचं आहे. कॉन्ट्रास्ट एकदम चढतो, रंग भडक होतात आणि फिल्म कुठली त्याप्रमाणे सगळ्या फोटोवर एखादी झाक येते. कॉम्प्युटरवर फिल्टर लावून तसं दिसतं हे ठाऊक आहे, पण मला ते फिल्मवरच हवं आहे.

काय काढायचं तेही ठरलंय. पणजीतलं फोंताईनास आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. फोंताईनासच्या निळ्या-पिवळ्या भिंती, त्यांच्या खिडक्यांच्या पांढऱ्या कडा, शेजारी गेरूच्या रंगाचं घर. हे रंग मुळातच इतके ठाम आहेत की ते हलले तर काय होईल याची मला फार उत्सुकता आहे.

आता अडचण. ब्लॅक अँड व्हाइट मी घरीच धुतो, त्यामुळे टाकी, रीळ, चेंजिंग बॅग (फिल्म अंधारात हाताळायची पिशवी) आहे. कलर कधी धुतलेलं नाही. फिल्म आणि केमिकल मिळून सहा हजारांच्या वर जाणं आत्ता शक्य नाही. स्लाइडचा ताजा रोल साध्या कलर निगेटिव्हपेक्षा कितीतरी महाग पडतो, म्हणून तो वाया जायला नको. एका दुकानात चौकशी केली तर "स्लाइड मशीनमध्ये घालणार नाही" असं सांगून त्यांनी विषयच संपवला.

शिवाय मामांकडून काही जुने रोल मिळालेत. ते कुवेतला होते तेव्हाचे. बरेचसे एक्टाक्रोम, डब्यांवर ई-६ छापलंय. एक कोडाक्रोम ६४ आहे. दोन्ही कोडॅकच्याच स्लाइड फिल्म. हे वापरता येतील का? कॅमेऱ्यावर आयएसओ, म्हणजे फिल्मच्या वेगाचा (प्रकाशाला ती किती संवेदनशील त्याचा) आकडा, किती लावू? आणि सी-४१ च्या केमिकलचं किट घेऊन घरी धुणं परवडेल की दुकानवाल्यालाच पटवू? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना डार्करूमवाला:

आधी कोडाक्रोम बाजूला काढून ठेवा, तो सी-४१ मध्ये अजिबात घालू नका. एक्टाक्रोम, प्रोव्हिया, व्हेल्व्हिया या ई-६ च्या फिल्ममध्ये रंग तयार करणारे कपलर फिल्मच्या थरांतच असतात, म्हणून सी-४१ च्या डेव्हलपरमध्येही रंग उमटतो. कोडाक्रोममध्ये ते नसतात, ते तिच्या के-१४ प्रक्रियेच्या डेव्हलपरमधून यायचे. शिवाय तिच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो, तो सुटून सगळं केमिकल घाण होईल. के-१४ करणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस रोल घेणं बंद केलं. आता त्या रोलमधून फार तर ब्लॅक अँड व्हाइट काढता येईल.

दुकानवाल्यावर रागावू नका. सिनेमाच्या बऱ्याच फिल्मलाही असाच काळा थर असतो आणि हल्ली लोक तिचे रोल भरून आणून देतात. तसा एक रोल मशीनमध्ये गेला की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. म्हणून अनोळखी डबा दिसला की ते नाही म्हणतात. ई-६ च्या स्लाइड फिल्मला तो थर नसतो. ताज्या रोलचं खोकं सोबत न्या आणि स्पष्ट सांगा: नेहमीच्या सी-४१ सारखाच चालवा, पुश-पुल (डेव्हलपरमधली वेळ वाढवणं-घटवणं) काही नको, हवं तर दिवसाच्या शेवटी घाला, रंग कसेही आले तरी तक्रार करणार नाही. पहिल्या रोलला यापेक्षा स्वस्त रस्ता नाही. किट नंतर घ्या.

मामांच्या एक्टाक्रोमवर फार भिस्त ठेवू नका. कुवेतचा उकाडा आणि आपली दमट हवा, दोन्ही त्या रोलांनी सोसलंय. वेग कमी झालेला असणार, धूसरपणाही असेल. १०० चा रोल असेल तर २५ वर लावा. हात बसवायला ते उत्तम. ज्यावर जीव आहे ते फोटो त्यावर काढू नका.

अबोली:

मी घरीच धुते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ताज्या रोलवर पहिल्या काही फ्रेम चाचणीसाठी ठेवा. एकच भिंत, एकच उजेड, आयएसओ २००, १०० आणि ५० वर एकेक फ्रेम. मला स्वतःला १०० ची फिल्म ५० किंवा ६४ वर आवडते. कॉन्ट्रास्ट एवढा चढतो की कमी एक्स्पोजरला सावल्या नुसत्या काळ्या राहतात. त्याच कारणासाठी भर दुपारी जाऊ नका. ढगाळ सकाळ किंवा चारनंतरची वेळ बघा. फोंताईनासच्या गल्ल्या अरुंद आहेत, दुपारी निम्मी भिंत पेटलेली असते आणि निम्मी अंधारात.

चाचणीच्या फ्रेम आणि थोडं मोकळं अंतर संपलं की चेंजिंग बॅगमध्ये तेवढाच तुकडा कापून आधी धुता येतो. एखाद-दुसरी फ्रेम जाते, पण उरलेला रोल वाचतो. ब्लॅक अँड व्हाइटचा हात आहे म्हणजे हे तुम्हाला जमेल.

सी-४१ ला डेव्हलपर ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं, हे प्रमाण. किटच्या कागदावर वेगळं दिलं असेल तर कागद पाळा. आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट असतं, त्यामुळे ३८ गाठणं सोपं, तिथे टिकवणं अवघड. मोठी बादली भरून ३९ ला आणा, बाटल्या आणि रीळ घातलेली टाकी त्यात उभी करा आणि सगळं एका तापमानाला आलं की मगच ओता. पैसे घालायचेच तर चांगल्या थर्मामीटरवर घाला. एरवी कलरमध्ये अर्ध्या अंशाचा फरकही सतावतो. इथे रंग हलणारच आहेत, म्हणून शिकायला ही पद्धत त्या मानाने सोशिक आहे.

किटमध्ये आधी साधे निगेटिव्ह रोल धुवा, स्लाइड शेवटी. शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवलेल्या स्टॅबिलायझरची.

आणि एक कळकळीची विनंती. वापरलेलं ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं केमिकल) शोषखड्ड्यात ओतू नका. त्यात चांदी उतरलेली असते आणि आपल्याकडे बहुतेक घरांची विहीर त्याच आवारात असते. कॅनमध्ये साठवा आणि चांदी काढून घेणारी लॅब असेल तिला द्या.

डिचोलीकर:

दोघांचेही मनापासून आभार. कोडाक्रोम कपाटात परत गेला. ताजा रोल घेऊन दुसऱ्या एका दुकानात विचारतो. अबोलीताई, स्कॅनचं काय करता? दुकानवाले आपोआप रंग दुरुस्त करून देतात असं ऐकलंय.

अबोली:

देतात, आणि मग सगळ्या खटाटोपाचं मातेरं होतं. स्लाइडच्या फिल्मला निगेटिव्हची नारिंगी पार्श्वभूमी नसते. स्कॅनर ती आहे असं धरून चालतो, वर झाक दिसली की पुसून टाकतो. दुकानातून फक्त धुऊन घ्या, स्कॅन नको. घरी लाइट पॅडवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढा. व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून पूर्ण रोलला तोच ठेवा आणि नंतर कॉम्प्युटरवर निगेटिव्हचे रंग हाताने उलटे करा. एका फ्रेमला जे आकडे लावाल तेच बाकीच्यांना लावा, तरच त्या फिल्मची खरी झाक कळेल.

डिचोलीकर:

हे फार कामाचं सांगितलंत. आता शेवटची विचारणा. कालवलेला डेव्हलपर महिना-दीड महिन्याच्या वर भरवशाचा राहत नाही असं वाचलं आणि एक लिटरच्या किटमध्ये सातआठ रोल सहज होतात. मला एकट्याला तेवढे भरता येणार नाहीत. दिवाळीनंतर डिचोली, म्हापसा, पणजी भागातलं कोणी किटमध्ये निम्मी भागीदारी करेल का? साध्या निगेटिव्हवाले आधी, माझी स्लाइड शेवटी. टाकी, बादली आणि जागा माझी. इच्छा असेल त्यांनी इथेच लिहावं.