गटारात उतरवणारा कोण?
एकाने लिहिलंय की गटारं साफ करणारी माणसं पैशासाठी स्वतःहून गटारात उतरतात, कायदा काय करणार. अजिबात नाही पटलं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, म्हणजे गुन्हेगार उतरवणारा. आपल्या मुंबईत टाकी तुंबली की सोसायटी कॉन्ट्रॅक्टरला फोन करते, तो नाक्यावरून दोन पोरं आणतो, आत गॅस आहे का कोण बघतं? हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस जास्त असला की वासपण कळत नाही, पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो नि तोही जातो. आणि उतरणारे बहुतेक दलितच का असतात यावरपण बोला ना. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० वरून ३० लाख केली, चांगलंच झालं, पण उतरवणाऱ्याला जेल झाल्याशिवाय हे थांबणार नाही.