रंगाचं कोटेशन: 'प्रदूषण खाणारा' रंग घ्यायचा का?

सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार. बाहेरच्या रंगाच्या कोटेशनमध्ये 'प्रदूषण खाणारा रंग' असा जादा दराचा पर्याय आलाय. रविवारच्या मीटिंगआधी जाणकारांनी लिहावं.

वैद्य काका (बी-४०४): तो टायटॅनियम डायऑक्साइडचा. उन्हातली अतिनील किरणं पडली की भिंतीला लागलेल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रेट होतं, पावसात धुऊन जातं. म्हणजे कमी होतो तो गाड्यांच्या धुरातला एक वायू. धूळ, पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मेघना (सी-७०३): काका, साध्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियम असतंच की.

वैद्य काका: असतं, पण रुटाइल प्रकारचं. कणांवर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा थर देऊन मुद्दाम थंड, म्हणजे निष्क्रिय केलेलं. हे अ‍ॅनाटेज, दुसरा प्रकार, जागं. धुराबरोबर रंगातलं अ‍ॅक्रिलिकही खातं. मग भिंतीवर हात फिरवला की पांढरी पूड. म्हणून बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा घटक) पोटॅशियम सिलिकेटचा हवा. कोटेशनमध्ये बाइंडरचा उल्लेखच नाही, गोम तिथेच आहे 🙄

मेघना: आणि सिलिकेट जुन्या अ‍ॅक्रिलिकवर बसत नाही, त्याला प्लास्टरच लागतं. नुसतं प्रेशर वॉश पुरणार नाही, जुना रंग पूर्ण खरवडावा लागेल. नवं प्लास्टर असेल तिथे २८ दिवस थांबायचं. काचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेम आधी झाका. थेंब वाळला तर काचेवरचा डाग जन्मभराचा.

सेक्रेटरी: कंत्राटदाराने कोटेशनला रोमच्या चर्चचा फोटो जोडलाय.

वैद्य काका: वास्तुविशारद रिचर्ड मायरचं, २००३ चं. तिथे रंग नाही, सिमेंटच तसलं आहे, आणि वापरलं ते काँक्रीट पांढरं राहावं म्हणून. हवेचं कौतुक नंतरचं. ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञ गटानेही २०१६ मध्ये अशा रंगांनी रस्त्यावरची हवा फारशी सुधारेल असं मानलं नव्हतं.

जोशी काकू (ए-३०१): मग टेस्ट रिपोर्ट मागायचा नाही का?

वैद्य काका: मागा ना, आयएसओ २२१९७-१ चा, म्हणजे हा वायू किती कमी होतो ते मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. फक्त टक्के बघून हुरळू नका. नमुना साधारण ५ बाय १० सेंमीचा, बंद पेटी, वर अतिनील दिवा, ५ तास. आपल्या गल्लीत वारा वायूला भिंतीजवळ थांबू देत नाही.

मेघना: घरची चाचणी सोपी आहे. कंत्राटदाराचा आणि साधा रंग दोन फरशांवर लावा, दोन्हींवर मिथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचे थेंब टाका, अर्धा भाग फॉइलने झाका, उन्हात ठेवा. उघड्या भागात त्याच्या फरशीवरचा निळा लवकर उडाला नाही, तर जादा पैसे कशाचे?

सेक्रेटरी: म्हणजे रद्द?

वैद्य काका: रस्त्याकडच्या पश्चिम भिंतीचाच वेगळा दर मागा. उत्तरेला ऊन कमी, तिथे आधी छज्ज्याखाली पाणी तुटायची खाच काढा, शेवाळ त्यानेच थांबेल.

मेघना: आणि खरवडताना परांचीला हिरवं कापड, खाली पाण्याचा फवारा. हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा, तोंडी नको.