विडंबनपट लावला आणि हसूच आलं नाही: तुमचे अनुभव

हॉररची टर उडवणारा सिनेमा हौसेने लावला आणि शेवटपर्यंत ढिम्म बसून राहिलात, असं कुणाचं झालंय का? माझं काल झालं. 'स्केरी मूव्ही ५' (२०१३). आधीच्या भागांतल्या नट्या अ‍ॅना फॅरिस आणि रेजिना हॉल यात नाहीत. 'मामा', 'ब्लॅक स्वान' वगैरे सिनेमांची नुसती हजेरी. ओळखीचा प्रसंग येतो, कुणीतरी धाडकन आपटतं, की पुढचा प्रसंग. लिहा तुमचंही.

* * *

अगदी अगदी! पण पहिला भागही (२०००) आता जपूनच बघा. फोनवर सगळे जीभ बाहेर काढून 'वॉssझप' ओरडतात, त्यावर आम्ही तेव्हा गडाबडा लोळलो होतो. परवा भाच्याला दाखवलं, तर म्हणाला, "मामा, हे ओरडतायत कशाला?" ती एका बिअरच्या जाहिरातीची नक्कल होती. जाहिरात विस्मरणात गेली, विनोदही गेला. आता काय समजावणार, कप्पाळ!

* * *

माझ्या मते बिनसलं ते चेहऱ्यांत. विमानातल्या संकटांच्या सिनेमांची टर उडवणारा 'एअरप्लेन!' (१९८०) आमच्याकडे अजून वर्षातून एकदा लागतोच. तो बनवणाऱ्या मंडळींनी 'झीरो अवर!' (१९५७) या गंभीर सिनेमाचे रीतसर हक्क घेतले आणि त्यातले कितीतरी संवाद जवळजवळ जसेच्या तसे वापरले. लेस्ली नील्सन तोवर गंभीर भूमिका करणारा नट. तो वाट्टेल ते बोलतो, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. 'यंग फ्रँकनस्टाइन' (१९७४) तर मुद्दाम कृष्णधवल, आणि प्रयोगशाळेत १९३१च्या मूळ सिनेमातली यंत्रं! एवढी मेहनत मूळ कलाकृतीवर जीव असल्याशिवाय होत नाही. हल्लीचे नट मात्र 'बघा, विनोद केला हं' असं डोळ्यांनीच सांगतात. मग हसायचं आपल्यावर कर्ज असल्यासारखं वाटतं.

* * *

वरच्यांना +१, पण एक खोच आहे. 'एअरप्लेन!'च्या तीन दिग्दर्शकांपैकी डेव्हिड झकर हा 'स्केरी मूव्ही ५'च्या लेखकांत आहे. तिसरा आणि चौथा भाग तर त्यानेच दिग्दर्शित केले. तेव्हा 'जुनी माणसं भारी, नवी फालतू' हे काही पटत नाही.

* * *

'डिझास्टर मूव्ही' (२००८). अर्ध्यात उठलो. आयर्न मॅन आला, हल्क आला, त्याच वर्षीच्या सिनेमांतले सगळे. आले म्हणजे नुसते आलेच. पुढे?

* * *

मी हॉररवेडी, त्यामुळे माझी तक्रार उलटी: हल्लीच्या विडंबनात भीतीच नसते. दार करकरायच्या आधीच कुणीतरी पादतं. 'शॉन ऑफ द डेड' (२००४) बघा. आईला झॉम्बी चावलाय हे शॉनला कळतं, तिथे हसता हसता माझा घसा दाटला होता. झॉम्बी खरोखरच चावतात हो त्यात!