वावर विकून समृद्धीजवळ प्लॉट घ्यावा का? कर आणि कर्जाबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी. मी कारंजा लाड तालुक्यातला. बाबांचं दोन एकर वावर विकून समृद्धीच्या इंटरचेंजजवळ दीड हजार फुटांचा प्लॉट घ्यावा, असं लहान भाऊ म्हणते. कापसात काही उरत नाही हे त्याचं खरं आहे.

पण त्या ले-आऊटचा एनए (बिगरशेती) आदेश झालेला नाही. दलाल म्हणते, "होऊन जाईल, तोवर चौघांच्या नावानं सामाईक सातबारा करून देतो." बँकेनं सरळ सांगितलं, एनए आणि मंजूर नकाशा नसेल तर कर्ज नाही. आता दलालच पर्सनल लोन काढा म्हणते. त्याचं व्याज सोयाबीनच्या भावातून कसं फेडायचं, राजेहो?

वावर विकल्यावर कर लागते का? ग्रामीण शेतजमिनीला लागत नाही असं ऐकलं. नगरपालिकेची हद्द रस्त्यानं तीन किलोमीटर आहे, पण नाल्यावरून सरळ गेलं तर दोनच्या आत. कोणतं अंतर धरतात? आणि प्लॉटचा इसार पन्नास हजार नगदी मागून राहिले, द्यावा का?

उत्तर:
भाऊ, रस्ता नाही, हवाई अंतर धरतात. लोकसंख्या 10 हजार ते 1 लाख असेल तर हद्दीपासून 2 किमी, 10 लाखांपर्यंत 6, त्यापुढे 8. कारंजा पहिल्या गटात, म्हणजे तुमचं वावर करात येऊ शकतं. अंतराचा लेखी दाखला आधी काढा. कर लागलाच तर नफ्यावर 12.5%. जमीन 23 जुलै 2024 आधीची असल्यानं महागाई निर्देशांक लावून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) 20% हा पर्यायही आहे. वडिलोपार्जित असेल तर 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो, त्यामुळे नफा बराच कमी दिसतो. बाबा गेली दोन वर्षं स्वतः पेरत असतील आणि विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं वावर घेतलं तर सूट मिळते. प्लॉट घेतल्यावर ही सूट नाही.

सामाईक सातबाऱ्यावर नाव चढेल, पण तुमचा तुकडा कोणता हे त्यात दिसणार नाही. बँक जिथं पैसा टाकत नाही तिथं तुम्ही काहून टाकता? इसार नगदी नको. मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

प्रश्नकर्ता:
भावाला दाखवतो. पण आमच्या वावराचं गिऱ्हाईकही इसार नगदीच देतो म्हणते. तिथं घेणारे तर बाबा!

उत्तर:
मग दंड बाबांना. चेक नाहीतर आरटीजीएसच सांगा.