मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्याने शिडाच्या होडीतून : मोरोन्दावा ते तुलिआरा सहा दिवसांत जमेल का?

भटकी_मांजर

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये मी आणि माझी मावसबहीण मादागास्करला जातोय, जायची-यायची तिकिटं काढून झाली. लेमूर वगैरे होतीलच, पण मला खरं जायचंय ते पश्चिम किनाऱ्याला. तिथे वेझो म्हणून समुद्रावर जगणारे लोक आहेत, त्यांच्या शिडाच्या होड्या असतात, इंजिन नाही काही नाही, त्यातून गावं करत करत जायचं आणि रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकायचा असं डोक्यात आहे.

प्लॅन असा की आधी मोरोन्दावाला बाओबाबची झाडं बघायची, तिथून होडी ठरवून दक्षिणेला तुलिआरापर्यंत उतरायचं. नकाशावर सरळ रेघ मारली तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास येतंय, म्हणजे रोजचे साठ धरले तर सहा दिवस. सातव्या दिवशी सकाळी तुलिआराहून राजधानीचं विमान आणि त्याच रात्री परतीचं. जमेल ना? शिवाय मी शाकाहारी आहे, बहिणीला बोट लागते, आणि कॅश किती न्यायची तेही कळत नाहीये. टॉयलेटचं काय हेही कुणीतरी सांगा बाई, लाजू नका.

उलांडी

थांबा थांबा. होडी ठरवायच्या आधी नकाशा उलटा धरा, तुमची दिशाच चुकलीय. त्या किनाऱ्यावर कोरड्या महिन्यांत दक्षिणेचा वारा असतो आणि ऑगस्टमध्ये तर तो चांगलाच जोरात. तिथे त्याला त्सिओकआतिमो म्हणतात, आतिमो म्हणजे दक्षिण. तुम्ही मोरोन्दावाहून खाली यायचं म्हणताय म्हणजे सहाही दिवस वारा नाकासमोर. वेझो होडी वाऱ्याच्या पाठीवर सुंदर पळते पण वाऱ्यावर चढायला तिला अजिबात जमत नाही, मग बिचारे वल्ही मारत बसतात आणि तुम्ही त्यांच्याकडे बघत बसता.

का जमत नाही ते होडी जवळून बघितली की कळतं. शीड चौकोनी, बऱ्याचदा ठिगळांचं, आणि ते दोन लांब काठ्यांवर ताणलेलं असतं. काठ्यांचे खालचे टोक होडीच्या बुडातल्या खाचांमध्ये टेकवलेले, वर त्या इंग्रजी व्ही सारख्या फाकतात. वारा फिरला की आमचा तांडेल (होडी हाकणारा प्रमुख खलाशी) काठीचं टोक एका खाचेतून उचलून दुसऱ्या खाचेत टाकायचा, दोऱ्या ओढून बांधायचा, झालं. पुली नाही, कप्पी नाही. होडी फाराफात्से नावाच्या लाकडाची, ते इतकं हलकं की चार माणसं ती वाळूवर ओढून नेतात, पण ते पाणी पितं म्हणून रोज ओढून वाळवावी लागते. एकाच बाजूला उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून आडव्या काठ्यांनी जोडलेलं तरंगतं लाकूड. (माझा आयडी बघून लक्षात आलं असेल, कोकणातल्या होडीला असते तीच. मादागास्करला ती तिथे वसलेल्या लोकांबरोबर आली, त्यांची भाषा आजही बोर्निओतल्या भाषांची नात्यातली आहे. आफ्रिकेच्या शेजारी एवढं बेट आणि भाषा आग्नेय आशियातली, मला तर तिथे पोचेपर्यंत पत्ताच नव्हता.)

तर, तुलिआराहून निघा आणि उत्तरेला मोरोन्दावाला जा. बाओबाब शेवटी बघा, काय बिघडलं?

दुसरं म्हणजे रोज साठ किलोमीटर हा हिशोब एसटीचा झाला. तिथे दिवस असा असतो: पहाटे चारला उठवतात, तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा असतो, शाळेत शिकलेला मतलई वारा तोच. त्यावर निघायचं. दहा-अकराला तो पडतो, मग थोडा वेळ शीड नुसतं लोंबतं आणि सगळे गप्प. मग नैऋत्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो एवढा चढतो की लाटा आत यायला लागतात, एक जण सतत डब्याने पाणी उपसत असतो. शहाणा तांडेल एक-दोनच्या आत होडी किनाऱ्याला लावतो. एखाद्या दिवशी चाळीस किलोमीटर होतात, एखाद्या दिवशी शून्य. आणि शून्याच्या दिवशी त्याच्यावर चिडू नका, तो निघत नाहीये म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय जे आपल्याला दिसत नाही.

सुस्त_कासव

एवढा खटाटोप कशाला, फोर बाय फोर घ्या, कोरड्या सीझनमध्ये किनाऱ्याच्या मागून वाळूचा रस्ता चालू असतो. आम्ही तसेच गेलो.

उलांडी

@सुस्त_कासव जा की, पण मग तुम्हाला किनारा दिसला का झुडपं दिसली? 😀

मीठभाकरी

मी दोन वर्षांपूर्वी तुलिआरा ते मोरोन्दावा केलंय, त्यामुळे उरलेल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडून.

आधी पैसे. चलन आरियारी. सगळ्यात मोठी नोट 20,000 ची आणि तिची किंमत पाच डॉलरपेक्षाही कमी, त्यामुळे दोन जणींचे होडीचे, जेवणाचे, वरखर्चाचे पैसे काढलेत की विटेएवढी गड्डी होते. ती तुलिआरातच काढून घ्या, पुढच्या गावांत कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. गड्डी दोन ठिकाणी विभागा आणि दोन्ही वॉटरप्रूफ पिशवीत. मी एक भाग नुसत्या झिपवाल्या पिशवीत ठेवला होता, मग वाटेतल्या अंदावादोआका गावात वाळूत नोटा पसरून वर दगड ठेवून वाळवत बसले, गावातली सगळी पोरं गोल करून बघत होती आणि वाझाहा वाझाहा म्हणून हसत होती (वाझाहा म्हणजे परदेशी पाहुणा). होडीवाल्याशी ठरवताना दिवसावर ठरवू नका, पूर्ण प्रवासावर ठरवा, आणि थांबून राहिलेल्या दिवसाचे किती, खलाशांचा तांदूळ कोणाचा, त्यांच्या परतीच्या प्रवासाचं काय, हे आधीच बोला. परत जाताना त्यांना तोच वारा समोरून असतो, त्याचे पैसे मागितले तर ते लुबाडणं नाही.

शाकाहार: भात आणि शेंगदाणे आणि घेवडा, सहा दिवस. मी मासे खाते म्हणून माझी चंगळ झाली. तुम्ही तुलिआराच्या बाजारातून कडधान्य, कांदे, टोमॅटो, लिंबं आणि घरून लोणचं, चटणी न्या. वेझो लोक शेती करत नाहीत, मासे देऊन आतल्या भागातल्या मासिकोरो शेतकऱ्यांकडून मका, कसावा घेतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावात पालेभाजी शोधत फिरू नका. पिण्याचं पाणी पण बरोबरच, विहिरींचं पाणी मचूळ लागतं. माणशी रोज चार लिटर धरा.

टॉयलेट: समुद्रकिनारा. बऱ्याच गावांत सकाळी सकाळी सगळं गावच तिथे जातं, त्यामुळे पहाटे अनवाणी फेरफटका मारायची रोमँटिक कल्पना सोडा. पण कुठेही बसायचं नाही, प्रत्येक गावाचे फादी असतात म्हणजे पाळायच्या गोष्टी, अमुक जागी बसायचं नाही, तमुक बेटावर उतरायचं नाही, कबरींकडे जायचं नाही. तांडेलला विचारा, तो सांगतो. माझ्यावर एकदा एक आजी ओरडली होती, अजून आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

बोट लागणं: तुलिआरा ते सालारी गावापर्यंत बराचसा प्रवास प्रवाळाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने होतो, तिथे पाणी शांत, बहिणीला तिथेच सवय होईल. त्रास होतो तो प्रवाळाच्या बाहेर पडल्यावर. गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी झाल्यावर नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना इथेच विचारून घ्या.

आता मुख्य. परतीचं विमान लगेच दुसऱ्या दिवशी ठेवणं हा आत्मघात आहे. आम्ही वाटेतल्या मोरोंबेला तीन दिवस अडकलो. दिवसभर वारा आणि वाळू, भातात वाळू, कानात वाळू, माझा मित्र तिसऱ्या दिवशी तांडेलशी भांडायला गेला की आपण पैसे दिलेत, तर तो शांतपणे म्हणाला, तू जा, होडी घेऊन जा. मित्र परत येऊन तंबूत झोपला. पुढे मोरोंबेनंतर मांगोकी नदीचं मुख लागतं, मैलोनमैल खारफुटी, तिथे मनात येईल तिथे किनाऱ्याला लागता येत नाही, म्हणून तो थांबला होता हे मला तिथून जाताना कळलं. त्या पट्ट्यात मी फोटो एकही काढला नाही, दोन्ही हातांनी उलांडीची आडवी काठी धरून बसले होते.

भटकी_मांजर

बाप रे. धन्यवाद दोघांनाही, आणि कासवराव तुम्हालाही. म्हणजे वाऱ्याचं मी काही बघितलंच नव्हतं, मी फक्त बाओबाब आधी की नंतर यावर अडून बसले होते. विमानं पुढे ढकलता येत नाहीत, माझ्याकडे एकूण आठ दिवसच आहेत किनाऱ्यासाठी. अर्धाच टप्पा केला तर? तुलिआरा ते अंदावादोआका, आणि तिथून जीपने परत तुलिआरा, तिथूनच विमान. की मग मजा जाईल?

उलांडी

मजा कुठे जातेय, उलट उत्तम. तो टप्पा सरळ रेषेत दीडशेच्या आत आहे, चार दिवस होडी, दोन दिवस वाऱ्यासाठी सोडलेले, एक दिवस जीप, एक दिवस हातात. वाऱ्याने साथ दिली तर उरलेले दिवस अंदावादोआकाला घालवा. तिथे 2004 मध्ये गावाने प्रवाळाचा एक भाग काही महिने ऑक्टोपस पकडायला बंद ठेवला, उघडल्यावर मोठे ऑक्टोपस मिळाले, मग आजूबाजूची गावं तेच करायला लागली आणि त्यातून वेलोन्द्रिआके नावाचा गावांनीच सांभाळलेला समुद्राचा पट्टा तयार झाला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांबपर्यंत जाते तेव्हा बायका भाला घेऊन प्रवाळावर चालत जातात. परवानगी घेऊन बरोबर जाता येतं. बिळातून फक्त एक डोळा बाहेर दिसतो, मला दाखवूनही दिसत नव्हता, बाजूच्या दहा वर्षांच्या पोरीला वीस पावलांवरून दिसत होता.

एकच चुटपुट लागेल ती बेलो-सुर-मेरची, ते मोरोन्दावाच्या अलीकडे आहे. तिथे वाळूवर मोठी लाकडी शिडाची जहाजं बांधतात, कागदावर आराखडा नाही, सगळं नजरेने, आणि ही पद्धत 19व्या शतकात मूळच्या फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या सुतारांनी आणली. काही सांगाडे पैसे संपले म्हणून वर्षानुवर्षं तसेच उभे. पुढच्या वेळी.

आणि हो, ऑगस्टमध्ये देवमासे असतात त्या समुद्रपट्ट्यात, हम्पबॅक. होडीला इंजिन नसल्याने आधी त्यांचा श्वास ऐकू येतो आणि मग दिसतात.

मीठभाकरी

+1 अंदावादोआका. मे ते ऑक्टोबर सोडून मात्र कुणी जाऊ नका हं, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतेय. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. फेब्रुवारी 2013 मध्ये हारुना वादळ याच पट्ट्यात आदळलं होतं.

लाइफ जॅकेट इथूनच न्या, होडीत नसतं. जाड विंडचीटर पण, पहाटे चारला ओल्या कपड्यांत दात वाजतात, कर्कवृत्त-मकरवृत्ताच्या आतला भाग असला तरी.

भटकी_मांजर

ठरलं मग. बहिणीला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिने टॉयलेटचा भाग दोनदा वाचायला लावला, आणि आता म्हणतेय की लोणचं ती घेणार.

उलांडी

रबरी तळव्याचे बूट पण घ्यायला सांगा तिला. ओहोटीला होडी लांब थांबते, सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालायचं असतं आणि खाली समुद्री साळिंदर असतात, काटा मोडला की आठ दिवस त्याचेच.