हातकागदाच्या दिवाळी कार्डांवर प्लॉटरने मजकूर: पेन कोणतं लावावं?

प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी. घरी छोटा प्लॉटर आहे, म्हणजे पेन धरून लिहिणारं मशीन. ग्रबल या मोटरी हलवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो, पेन उचलायला एसजी-९० सर्व्हो, म्हणजे छोटी मोटर. यंदा नातेवाइकांसाठी हातकागदाची दिवाळी कार्डं करून राहिलोय, थोडी पांढुरकी, थोडी गडद मरून. आतल्या चार ओळी मशीनने लिहायच्या, नाव आणि सही माझ्या हातची. जेल पेन हातात घेतलं की झकास चालतं. तेच मशीनला लावलं की पहिलं अक्षर गायब आणि मधेच कोरडी रेघ. द्रव शाईचं रोलर पेन लावलं तर शिरोरेघेवर अक्षरागणिक शाईचा ठिपका. मरून कार्डांवर सोनेरी हवंय. कोणतं पेन घेऊ?

बर्डीवाला

पांढुरक्यासाठी पिग्मा मायक्रॉन ०५ हे फायबर टोकाचं पेन घ्या भाऊ, डोळे मिटून. पिगमेंट शाई आहे, वाळल्यावर पाणी लागलं तरी पसरत नाही. ०१ चं टोक फार बारीक, त्याच्या नादी लागू नका. मरूनवर मात्र तिचा काही उपयोग नाही, दिसणारच नाही.

महालची पत्रिकावाली

मी लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर मशीनने नावं घालून देते, त्यामुळे हा छळ रोजचा आहे. पेन विकत घेण्याआधी कागदावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब गोल बसून राहिला तर कागदाला खळ (शाई जिरू न देणारा लेप) नीट आहे, बहुतेक पेनं चालतील. लगेच जिरला तर कितीही महागडं पेन आणा, शाई फुटणारच. आपल्याकडे पोथ्यांचा कागद खळ देऊन गोट्याने घोटत, तो उगाच नाही. मी अजूनही तेच करते: मजकुराच्या जागेवर साधा कागद ठेवायचा आणि वरून स्टीलच्या वाटीचा बूड दाबून फिरवायचा. उभे राहिलेले तंतू बसतात, टोक अडकत नाही. बारीक टोकाची पेनं हातकागदावर याच तंतूंमुळे मरतात. फायबर टोक झिजून झाडूसारखं पसरतं, रेघ जाड होत जाते आणि आपण शाईला दोष देत बसतो. ०५ किंवा ०८ घ्या, आणि गठ्ठा मोठा असेल तर एक जास्तीचं आणून ठेवा.

आता तुमचं जेल. हातात आपण पेन तिरपं धरतो आणि नकळत दाबतो. मशीन ते उभं धरते, नुसत्या त्याच्याच वजनावर. टोकातली गोळी फिरायच्या ऐवजी घसरते, मग शाई कुठून उतरणार? होल्डर थोडा कलता करा आणि पेनावर एकदोन लोखंडी वॉशर चढवा. पेन होल्डरमध्ये वरखाली मोकळं सरकायला हवं. सर्व्होने फक्त उचलायचं, दाबायचं काम त्याचं नाही. वेग निम्म्याने कमी करा. कार्डाच्या बाजूला रद्दीची पट्टी चिकटवून दर कार्डाआधी तिच्यावर एक नागमोडी रेघ मारून घ्या, पहिलं अक्षर जाणार नाही. आणि पंखा बंद! आपल्या नागपूरच्या कोरड्या हवेत टोक उघडं राहिलं की बघता बघता वाळतं. उन्हाळ्यात चाचण्या करायच्या तर कूलरची खोली टाळा, तिथे उलटं होतं, कागद ओल धरतो आणि कडा वर येतात.

ठिपक्यांची दोन कारणं. एक, मशीनला हुकूम देणाऱ्या फाइलमध्ये पेन खाली आल्यावर थांबा टाकलेला असतो, त्यातली जी-४ ची ओळ बघा. जेलला तो थोडा लागतो, पण द्रव शाईचं पेन तेवढ्या वेळात डबकं करतं. त्याच्यासाठी कमीत कमी ठेवा. दुसरं कारण आपल्या लिपीचं. काना किंवा दंडा शिरोरेघेला जिथे भिडतो तिथे ओल्या शाईवर पुन्हा शाई पडते. मी दंडा शिरोरेघेच्या पाव मिलिमीटर खालीच थांबवते. अर्ध्या मिलिमीटरच्या टोकाने ती फट आपोआप भरते. शिरोरेघ शब्दागणिक एकच सलग, पूर्ण ओळ लिहून झाल्यावर सगळ्यात शेवटी.

फॉन्ट कोणता वापरताय ते लिहिलं नाहीत. नेहमीचा युनिकोड फॉन्ट असेल तर मशीन अक्षराच्या दोन्ही कडा काढत असणार, म्हणजे शिरोरेघही दोनदा. तिथेच अर्धी शाई वाया.

प्रतापनगरकर

हो ताई, नेहमीचाच फॉन्ट आहे. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या हर्शी टेक्स्टमध्ये एकरेघी अक्षरं आहेत, पण देवनागरी नाही सापडली.

महालची पत्रिकावाली

तिथे नसणारच. ती अक्षरं १९६७ मधली, अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत डॉ. हर्शी यांनी केलेली. रोमन, ग्रीक, रशियन आहेत, जपानीसुद्धा आहेत, आपली नाहीत. इंकस्केपमध्ये चित्रावरून रेघा काढणाऱ्या बिटमॅप ट्रेसला सेंटरलाइनचा, म्हणजे मधली एकच रेघ काढायचा पर्याय आहे, पण जोडाक्षरांत आणि मात्रांच्या सांध्यात गाठी येतात, त्या हाताने साफ कराव्या लागतात. चारच ओळी आहेत तर सरळ मार्ग सांगते: स्वतः चांगल्या अक्षरात लिहा, फोटो काढा, खालच्या लेयरवर ठेवा आणि इंकस्केपच्या बेझिए पेनने (वळणदार रेघा काढायचं साधन) वरून गिरवा. कार्डावर मग तुमचंच वळण उतरतं.

वर्धा रोड

एवढा कुटाणा करण्यापेक्षा हातानेच काहून नाही लिहीत बाप्पा? हाताने बनवलेलं कार्ड, आणि मजकूर मशीनचा!

प्रतापनगरकर

पन्नासाव्या कार्डाला माझा 'हार्दिक' वाचून दाखवा जी, मग बोलू. 😄 ताई, सोनेरीचं राहिलं.

महालची पत्रिकावाली

सोनेरीला युनिबॉल सिग्नो यूएम-१५३. पांढरी, सोनेरी, चंदेरी अशा तिन्ही शाया त्यात मिळतात आणि गडद कागदावर उठून दिसतात. जेलच आहे, त्यामुळे वरचं सगळं लागू: कल, वॉशर, कमी वेग. उभ्या होल्डरनेच चालवायचं असेल तर पोस्का ०.७ चा रंगाचा मार्कर. त्याचं टोक आधी रद्दीवर दाबून रंग उतरवून घ्या, नाहीतर पहिल्या कार्डावर थेंब ठरलेला. गडद कागदावर सोनेरी जाड दिसते, म्हणून अक्षर पांढुरक्यापेक्षा थोडं मोठं ठेवा, नाहीतर 'शुभेच्छा'मधला 'च्छा' भरून जातो.

कार्डात झेंडूच्या पाकळ्या घातलेल्या असतील तर मजकूर त्यांच्यापासून बोटभर लांब. पाकळीवर टोक चढलं की रेघ तिथेच तुटते, आणि पाकळीचा भुगा टोकात बसला की पेन गेलंच.