चिनी भाषेत हात कुठे संपतो?

नवशिकी:
मी पुण्यात शनिवार-रविवार चिनीच्या वर्गाला जाते. गेल्या आठवड्यात शरीराच्या अवयवांची यादी मिळाली. चाळीस शब्द, डावीकडे रोमन लिपीत चिनी, उजवीकडे इंग्रजी अर्थ. घोकून घोकून पाठ केली. रविवारी बाईंनी सरावाला विचारलं, सकाळी उठल्यावर आधी काय करता? मी म्हटलं तोंड धुते. 'शी' म्हणजे धुणे आणि 'त्सुएइ' म्हणजे तोंड, म्हणून ठोकून दिलं 'शी त्सुएइ'. बाईंनी हसू दाबलं. मग पोट दुखतंय असं सांगायला गेले तर म्हणे मी 'ससा दुखतोय' म्हटलं. आता माझे दोन प्रश्न आहेत. हात आणि पाय यांना यादीत दोन-दोन शब्द का आहेत? आणि हा ससा आला कुठून?

चाकणचा दुभाष्या:
ताई, आधी ससा पकडू. पोटाला चिनीत रोमन लिपीत dùzi लिहितात, आपल्या लिपीत 'तू-त्स'. सशाला 'थू-त्स'. दोन्हींचा सूर एकच, चौथा, म्हणजे वरून दाणकन खाली पडणारा. फरक फक्त त आणि थ चा. पण रोमन लिपीत पोट 'डी'ने लिहितात आणि ससा 'टी'ने. आपण मराठी माणसं इंग्रजी 'टी'त हवा सोडत नाही, 'डी' दिसला की घोषयुक्त द म्हणतो. त्यामुळे पोटाचं 'दूझी' होतं, सशाचं 'तूझी', आणि चिनी माणसाला सगळाच गोंधळ. तुम्ही बहुधा घाबरून भलतीकडेच जोर दिलात.

चिनी भाषेत ब, द, ग हे आवाज मुळात नाहीतच. रोमन 'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे फ (फळातला, फॅनमधला नव्हे), 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. नाक 'पी-त्स', मान 'पो-त्स', डोकं 'थोउ'. यकृत तर चक्क 'कान', आणि बघणे म्हणजे 'खान'. (कानाला काय म्हणतात? 'अर-त्वो'. असो.) इंग्रज विद्यार्थ्याला हे प-फ, त-थ वेगळे करायला महिने लागतात. आपण बाराखडीत ते पाचव्या वर्षी शिकलो, आणि नंतर रोमन अक्षरं बघून विसरतो. वहीत शब्द देवनागरीत लिहा, अर्धं काम तिथेच होतं.

शेवटच्या '-त्स'चंही तसंच. तो आवाज चमच्यातला, चाकातला च. चिमणीतला च वेगळा, तो डोळ्यात सापडतो: 'येन-चिङ'. हे दोन च हिंदीवाल्याला वेगळे करून दाखवावे लागतात, आपल्याला घरचे आहेत. शिवाय शाळेत ज्याच्या नावाने बोटं मोडली तो षट्कोनाचा ष इथे कामाला येतो. हृदय 'शिन', शहामृगाचा श. मूत्रपिंड 'षन', जीभ मागे वळवून. दोन्हींना श म्हणालात तर डॉक्टरचं लक्ष छातीतून थेट कमरेकडे जाईल.

आता तोंड. मराठीत तोंड म्हणजे जेवायचं तोंडही आणि चेहराही. 'तोंड धू' म्हटल्यावर आपण कपाळापासून हनुवटीपर्यंत पाणी मारतो, आणि 'तोंड उघड' म्हटल्यावर दात दाखवतो. चिनीत ही दोन तोंडं वेगळी आहेत. चेहरा 'ल्येन', खायचं-बोलायचं तोंड 'त्सुएइ'. तुम्हाला म्हणायचं होतं 'शी ल्येन'. चूळ भरण्याला आणखी तिसराच शब्द आहे, 'षू-खोउ', आणि त्यातला 'खोउ' हा तोंडाचा जुना शब्द. तो रोजच्या बोलण्यात एकटा क्वचित येतो, पण माणसं मोजताना येतो. घरात किती जण, तर 'सान खोउ रन', तीन तोंडांची माणसं. आपण नाही का म्हणत, कमावणारा एक आणि खाणारी तोंडं पाच? लोकसंख्येला चिनी शब्दच 'रन-खोउ', माणूस-तोंड.

हातापायाचं मला अनुभवाने कळलं. आमच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेला एक चिनी फिटर शिडीवरून घसरला. मला म्हणाला 'कअ-पो थङ्'. मी गडबडीत दवाखान्यात फोन लावून सांगितलं, हाताला लागलंय, घेऊन येतो. तिथे कंपाउंडर बोटं-पंजा साफ करायला ट्रे मांडून तयार, आणि हा गडी दंड धरून उभा, तळव्यावर ओरखडासुद्धा नाही. 'षोउ' म्हणजे मनगटापर्यंतचा हात. त्याच्या वर खांद्यापर्यंत 'कअ-पो'. वर्गात हात वर करायला सांगताना 'षोउ'च म्हणतात, तिथे कुणी कीस काढत नाही. पण दुखणं सांगताना मनगट ही सरहद्द. पायाचंही तसंच: घोट्याखाली 'च्याओ', वर 'थुएइ'. मराठीत दंड, कोपर, पोटरी, मांडी, पाऊल सगळं आहे, पण आपण तोंडाने 'हात दुखतो, पाय दुखतो' एवढंच म्हणतो आणि बोटाने जागा दाखवतो. फोनवर बोट दिसत नाही.

उलट काही ठिकाणी मराठी इतकी चपखल बसते की इंग्रजी यादी फाडून टाकावीशी वाटते. 'याओ' हा शब्द बघा. तुमच्या यादीत त्यापुढे 'वेस्ट' लिहिलं असणार. इंग्रजी वेस्ट म्हणजे पट्टा बांधायची जागा. पण चिनी माणूस 'याओ थङ्' म्हणतो तेव्हा त्याचं दुखतं ते मागून, पाठीच्या खाली. म्हणजे आपलं 'कंबर दुखते', जसंच्या तसं. मधे इंग्रजी घातली की कंबर घसरते.

नवशिकी:
दादा, फाडली यादी. वही नवी केली, देवनागरीत. पण आता मोजताना अडते. एक हात 'ई च्र षोउ', पण एक पाय 'ई थ्याओ थुएइ'. हे मधले शब्द कसे लक्षात ठेवायचे?

चाकणचा दुभाष्या:
त्यांना घाबरू नका. आपण 'चार नग', 'दोन जुड्या', 'एक पान' म्हणतो ना, तेच, फक्त चिनीत ते टाळता येत नाहीत. 'थ्याओ' लांबोळक्या वस्तूंना: नदी, रस्ता, साप, मासा, पँट, आणि पाय. 'चाङ' पसरट गोष्टींना: कागद, टेबल, आणि गंमत म्हणजे चेहरा नि तोंडसुद्धा. दाताला 'ख', दाण्यासारखं काही असेल तर. केसाला 'कन', काडीसारखं. जोडीतल्या एकाला 'च्र', म्हणून एक हात, एक डोळा, एक कान 'च्र'ने मोजतात. 'तीन च्र हात' म्हणजे 'सान-च्र-षोउ', असं माणसाबद्दल म्हटलं तर तो खिसेकापू. दोन हात दिसतात, तिसरा तुमच्या खिशात.

पेठेतला:
माझा चिनीशी संबंध शून्य, मटणाशी दांडगा. ते 'तू-त्स' पोटाचं झालं, पण खाण्याच्या पोटाचं काय? चिनी लोक वजडी खातात असं ऐकून आहे.

चाकणचा दुभाष्या:
खातात, आणि आवडीने. तोच 'तू-त्स' तिसऱ्या सुरात म्हटला, म्हणजे आवाज खाली नेऊन घोळवला, की वजडी. चौथ्या सुरात माणसाचं पोट, तिसऱ्यात जनावराचं, ताटातलं. हॉटेलात सूर चुकला तरी वाढपी समजून घेतो. दवाखान्यात 'माझी वजडी दुखतेय' म्हणालात तरी समजतात, फक्त नर्स बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते. आणि गुर्दा मागायचा तर 'याओ-त्स'. कंबर आहे ना 'याओ', तिला '-त्स' लावला की ताटातला गुर्दा.

पेठेतला:
मग काळजाचं सांगा. आमच्याकडे खाटकाकडे काळीज म्हटलं की तो यकृत देतो, कलेजी. आणि लग्नात आई 'काळजाचा तुकडा' म्हणून रडते तेव्हा ते हृदय असतं. नक्की काय?

चाकणचा दुभाष्या:
पेठेतले, लाखातला प्रश्न. चिनी आई दोन्ही एकदम घेऊन मोकळी होते. लाडक्या लेकराला 'शिन-कान' म्हणते, हृदय-यकृत. आपण एकाच शब्दात दोन अवयव कोंबले, त्यांनी दोन शब्द शेजारी ठेवले. धैर्य मात्र त्यांनी भलतीकडे ठेवलंय, 'तान'मध्ये, म्हणजे पित्ताशयात. धाडसी माणसाचं पित्ताशय मोठं, भित्र्याचं छोटं. 'तान श्याओ रू षू', उंदराएवढं पित्ताशय. आपल्याकडे सशाचं काळीज. प्राणी बदलला, अवयव बदलला, घाबरट तोच.

कान दोन्हीकडे सारखे वागतात. कुणीही काहीही सांगितलं की पटणारा माणूस आपल्याकडे हलक्या कानाचा, त्यांच्याकडे 'अर-त्वो र्वान', मऊ कानाचा. अब्रूचं मात्र पटत नाही. आपली नाकात असते, कापली जाते. त्यांची चेहऱ्यात, ती हरवते: 'त्योउ ल्येन', चेहरा हरवणे. त्यांचं नाक वेगळ्या कामाला. 'मी' असं दाखवताना आपण छातीवर हात ठेवतो, चिनी माणूस स्वतःच्या नाकाकडे बोट करतो. 'स्वतः' या अर्थाचं अक्षर मुळात नाकाचं चित्र होतं. ते या अर्थाला गुंतलं, म्हणून नाकासाठी त्याच चित्राखाली आवाज दाखवणारा भाग जोडून नवं अक्षर करावं लागलं.

संस्कृतवाली:
बोटांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. अनामिका म्हणजे नाव नसलेली, हे आपल्याला ठाऊकच. चिनीतही तेच का?

चाकणचा दुभाष्या:
शब्दशः तेच. 'वू-मिङ-च्र', नाव-नसलेलं-बोट. माझ्या पहिल्या वर्षी हा शब्द कळला तेव्हा मी वर्गातच ओरडलो होतो. पण अंगठ्याशेजारच्या बोटावर जमत नाही. आपली तर्जनी धमकावते, तर्ज् धातूवरून. त्यांचं तेच बोट खातं, 'ष्र-च्र', खाण्याचं बोट.

त्यामागे जोडली जाणारी गोष्ट इ.स.पू. ६०५ सालची, चङ नावाच्या राज्यातली. राजाकडे चू राज्यातून एक मोठं कासव भेट आलं. त्झ-कुङ नावाचा सरदार दरबाराला निघाला, वाटेत त्याचं हे बोट फडफडलं. सोबत्याला म्हणाला, हे फडफडलं की काहीतरी भारी चाखायला मिळतं. आत गेले तर आचारी कासव चिरत होता, दोघे एकमेकांकडे बघून हसले. राजाने कारण विचारलं, सोबत्याने सांगून टाकलं. राजाने मुद्दाम जेवायला सगळ्यांना बसवलं आणि त्झ-कुङला वाढलंच नाही. त्झ-कुङ उठला, रश्श्याच्या भांड्यात बोट बुडवलं, चाटलं आणि निघून गेला. राजा त्याला मारायला निघाला, पण त्याच वर्षी राजाच मारला गेला. आजही पदार्थ बघून तोंडाला पाणी सुटलं की चिनी माणूस खाण्याचं बोट हललं म्हणतो, आणि आपला नसलेला वाटा लाटणं म्हणजे 'रान-च्र', बोट बुडवणं. मलईवर बोट फिरवणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत.

संस्कृतवाली:
वा! डोळे उजव्या हाताच्या बोटाकडेच गेले.

नवशिकी:
अक्षरांचं एक विचारते. पोट, यकृत, पाय, मान, चेहरा, सगळ्यांच्या डाव्या अंगाला चंद्र का असतो? खाली उघडी चौकट, आत दोन आडव्या रेघा, चंद्राचं तेच अक्षर आहे.

चाकणचा दुभाष्या:
चंद्र नाही, मांस. मांसाचं अक्षर दाबून बारीक केलं की चंद्रासारखं दिसतं. १७१६ सालच्या खाङ-शी कोशात २१४ मूळ खुणा धरल्या आहेत. त्यात चंद्र ७४ वा आणि मांस १३० वं. डावीकडे मांस म्हणजे 'हा शरीराचा भाग', उजवीकडचा तुकडा बहुतेकदा आवाज सांगतो. पोटाच्या अक्षरात उजवीकडे माती, तिचा उच्चार 'थू'. यकृताच्या अक्षरात 'कान' असा उच्चार असलेलं अक्षर. हृदयाला मात्र मांस जोडलेलं नाही, ते स्वतःच हृदयाचं चित्र. आणि 'खान', बघणे, यात वर हात, खाली डोळा. उन्हात कपाळावर हात धरून लांब बघणारा माणूस डोळ्यासमोर आणा, पुन्हा विसरणार नाही.

मला हे पाठ करताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण यायची. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि शेवटी 'ह्वा', चीन, जोडला. कोटणीस झाले 'ख ती-ह्वा'. ते चिनी शिकले. रुग्णाला 'कुठे दुखतंय' विचारायचं होतं, रोमन यादी कुठून आणणार?

नवशिकी:
'थङ्' म्हणजे दुखणे ना? मग आज बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'नाय-नाय थङ् वो'. नाय-नाय म्हणजे आजी, वो म्हणजे मी. 'आजी मला दुखते' असा अर्थ लावला, पुन्हा हसल्या.

चाकणचा दुभाष्या:
'थङ्' दोन कामं करतो. 'थुएइ थङ्', पाय दुखतो. 'नाय-नाय थङ् वो', आजी माझ्यावर जीव टाकते. अवयव आधी आला की दुखणं, मागे माणूस आला की माया.

नवशिकी:
माझ्या आजीचे गुडघे दुखतात आणि ती माझ्यावर जीवही टाकते. एकाच वाक्यात बसेल का?

चाकणचा दुभाष्या:
बसेल. गुडघा 'शी-काय'. रविवारी बोलून बघा आणि बाई हसल्या की नाही ते इथे कळवा.